कोंडा-पेंढ्यावर बुरशी वाढवून एन्झाइम कसं काढायचं

पेंढा, चिपाड, कोंडा यातलं सेल्युलोज बुरशीला थेट गिळता येत नाही, म्हणून ती एन्झाइम (सेल्युलोज तोडणारी प्रथिनं) बाहेर सोडते आणि आपण तेच धुवून घ्यायचं, एवढीच आयडिया. जुनीच आहे म्हणा, जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १८९४ मध्येच गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून काढलेल्या डायस्टेजचं (स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमचं) पेटंट घेतलं होतं.

आधी बुरशी. सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) हवं तर ट्रायकोडर्मा रीसी, पेक्टिनेज (वनस्पतीतलं पेक्टिन तोडणारं) हवं तर अ‍ॅस्परजिलस नायजर. कल्चर कलेक्शनमधूनच (ओळख पटलेल्या बुरश्या जपणारी संस्था) मागवा, कुठल्यातरी सडक्या दाण्यावरची हिरवी बुरशी खरवडून घेऊ नका, ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस निघाली तर अफ्लाटॉक्सिन हे विष घेऊन बसाल.

पेंढा वाळवून बारीक करा पण पीठ नको, हवा खेळायला हवी. त्यात थोडा गव्हाचा कोंडा घाला, नुसत्या पेंढ्यात नायट्रोजन फार कमी. मग क्षारांचं पाणी घालून ओलावा ६०-७० टक्क्यांवर आणा, आणि खरी गोम इथेच आहे, पाणी जास्त झालं की गोळे होतात, हवा अडते आणि बॅक्टेरिया घुसतात, कमी पडलं तर बुरशी वाढतच नाही. मूठभर घेऊन आवळा, हात ओला व्हावा पण पाणी टपकू नये.

१२१ डिग्रीला २० मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक) करा, पूर्ण थंड झाल्यावर स्पोअरचं (बुरशीच्या बीजाणूंचं) पाणी मिसळा, दर ग्रॅमला साधारण १० लाख स्पोअर, आणि २८-३० डिग्रीला ५-७ दिवस ठेवा. थर जाड लावू नका, बुरशी वाढताना स्वतःच तापते आणि मधला भाग किती तापलाय ते बाहेरून कळतच नाही.

मग दर ग्रॅमला १० मिली सायट्रेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, पीएच ४.८) घालून अर्धा तास हलवा, मलमलच्या कापडातून पिळा, सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात वेगाने फिरवून गाळ खाली बसवा). वरचं पाणी म्हणजे कच्चं एन्झाइम, ते ४ डिग्रीला ठेवा.

काम करतंय का ते डीएनएस टेस्टने बघा (सुटलेल्या साखरेने रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरला मोजायचा), पण सोबत उकळून मारलेल्या एन्झाइमची एक ट्यूब लावाच, पेंढ्या-कोंड्यातली आधीचीच साखर रंग देते आणि माणूस उगाच खूश होतो. हे खाण्यात वापरायचं नाही, आणि मास्क घाला, स्पोअर छातीत जातात. उरलेला चोथा परत ऑटोक्लेव्ह करूनच टाका.