घरी जिवंत स्फॅग्नम मॉस वाढवताना या चुका टाळा

मुंबईच्या घरांत जिवंत स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारे एक शेवाळ) मरते, ते बहुतेक वेळा पाणी कमी पडल्यामुळे नव्हे, तर चुकीचे पाणी मिळाल्यामुळे. या वनस्पतीला मुळे नसतात. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार ती थेट पानांतून शोषते. थंड, आम्लधर्मी दलदलीत, जवळजवळ निव्वळ पावसाच्या पाण्यावर वाढणाऱ्या या जिवाला बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी सोसत नाही.

म्हणून कुंडीआधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारे उपकरण, घ्यावा. पाण्याचा टीडीएस ५०च्या आत असावा, जितका कमी तितका चांगला. आरओचे पाणी चालते. मात्र पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून अनेक यंत्रांत थोडे मूळ पाणी मिसळण्याची सोय असते, त्यामुळे तेही मोजूनच वापरावे. आरओतून बाहेर टाकले जाणारे पाणी बागेसाठी साठवण्याची सवय चांगली असली, तरी त्यात क्षार एकवटलेले असतात आणि या मॉससाठी ते घातकच ठरते. जून ते सप्टेंबर पावसाचे पाणी भरून ठेवावे, पण ते उघड्या आकाशाखाली ठेवलेल्या बादलीत. गच्चीवरून किंवा सज्जावरून ओघळलेल्या पाण्यात सिमेंटचा चुना उतरतो. माझा पहिला ट्रे अशाच ओघळाखाली राहिला आणि काही आठवड्यांत शेंडे तपकिरी पडले. असे दिसताच ट्रेमधले पाणी ओतून टाकावे, मॉस शुद्ध पाण्याने दोन-तीनदा धुवावे आणि हिरवे शेंडे कापून नव्या ट्रेमध्ये लावावेत.

शेंडे पांढुरके होणे हे निराळे लक्षण आहे. पाणी साठवणाऱ्या मृत पेशींत हवा शिरली की मॉस फिके दिसते. लगेच भिजवल्यास ते बहुधा सावरते. शेंड्यांवरची लाली अनेक जातींत भरपूर उजेडाची खूण असते, तिला रोग समजू नये.

दुसरी मोठी चूक म्हणजे बंद काचेची बरणी पश्चिमेच्या खिडकीत ठेवणे. एप्रिल-मेच्या उन्हात आतले मॉस अक्षरशः शिजते. उत्तरेचा किंवा पूर्वेचा झिरपता उजेड पुरतो. तो नसल्यास एलईडी दिवा लावावा आणि झाकण किंचित उघडे ठेवावे.

खत मुळीच घालू नये. मराठीत आपण मॉसप्रमाणे शैवालालाही (अल्गी) शेवाळच म्हणतो, पण खतावर फोफावणारे ते हिरवे, बुळबुळीत शैवाल मॉसचे शेंडे झाकून टाकते. तळाला कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको, कारण नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ राहते. वाळलेले स्फॅग्नम हाच उत्तम तळ. सजावटीसाठी हिरवे रंगवलेले मॉस मात्र घेऊ नये.

मॉस हाताळताना हातमोजे घालावेत. त्यावर आढळणारी स्पोरोथ्रिक्स बुरशी त्वचेवरच्या लहानशा जखमेतूनही संसर्ग करू शकते.