‘टेक ऑफ’ शिकताना: अर्थाआधी वाक्य बघा

शिकवायला लागल्यापासून फ्रेजल व्हर्बबद्दल, म्हणजे इंग्रजीत क्रियापद आणि एखादा छोटा शब्द मिळून होणाऱ्या जोडीबद्दल, एक तक्रार मी सतत ऐकत आलोय: यादी तोंडपाठ असते, पण उताऱ्यात तेच क्रियापद भेटलं की अर्थ लागत नाही. मला यात मुलांचा दोष दिसत नाही. यादीत क्रियापद एकटं असतं, वाक्यात ते कधीच एकटं नसतं. म्हणून नव्या विद्यार्थ्याला मी लांबलचक यादी देत नाही. एकच क्रियापद देतो आणि ते नीट उलगडेपर्यंत पुढचं काढत नाही. बहुतेक वेळा ते ‘टेक ऑफ’ असतं.

सुरुवात मात्र मराठीपासून करावी. ‘देऊन टाक’ म्हटल्यावर कुणी काही फेकत नाही. ‘लिहून काढ’ म्हणताना कशातून काही बाहेर ओढायचं नसतं. ‘नको ते बोलून बसला’ असं ज्याच्याबद्दल म्हणतो, तो त्या वेळी उभाही असू शकतो. दोन शब्द एकत्र आले की एकाचा मूळ अर्थ पुसट होतो आणि त्या जोडीला स्वतःचा अर्थ येतो, ही गोष्ट आपण लहानपणापासून रोज वापरतो. इंग्रजीत क्रियापदाच्या जोडीला ऑफ, अप, आउट, ऑन असे छोटे शब्द येतात, एवढंच वेगळं.

‘ऑफ’चा पाया सुटण्याचा आहे. टेकलेली, चिकटलेली किंवा जोडलेली गोष्ट अलग होते. विमान जमिनीपासून सुटतं: ‘द प्लेन टुक ऑफ ॲट सिक्स’. बूट पायांतून निघतात: ‘ही टुक ऑफ हिज शूज’. माणूस कामातून मोकळा होतो: ‘आय ॲम टेकिंग मंडे ऑफ’. किमतीतून काही भाग वजा होतो: ‘दे टुक टेन परसेंट ऑफ द प्राइस’. यादीतून नाव जातं: ‘हर नेम वॉज टेकन ऑफ द लिस्ट’. मराठीत या प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद लागतं: उडणं, काढणं, रजा घेणं, कमी करणं, वगळणं. वही उघडून या वाक्यांत कोण कशापासून सुटलं ते लिहा. पाठांतराचा बराच भार तिथेच हलका होतो.

डॉक्टर औषध बंद करतात ते वाक्य मी मुद्दाम वेगळं शिकवतो: ‘द डॉक्टर टुक हिम ऑफ द मेडिसिन’. आपण औषध बंद केलं म्हणतो; इंग्रजी वाक्यात मात्र माणूस औषधापासून दूर केला जातो. ‘हिम’ कुठे आलंय ते बघितलं नाही, तर अर्थ उलटा लागतो.

विमानाच्या उड्डाणातून पुढचा अर्थ निघाला, अचानक वेगाने वाढण्याचा. ‘हर बिझनेस टुक ऑफ’ म्हणजे तिचा धंदा एकदम जोरात चालू लागला. हा अर्थ अर्थशास्त्रातही पोचला. अर्थशास्त्रज्ञ डब्ल्यू. डब्ल्यू. रोस्टो यांनी १९६० साली आर्थिक वाढीच्या पाच अवस्था मांडल्या, त्यांतल्या तिसरीचं नावच ‘टेक-ऑफ’ आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा शब्द तिथे भेटतोच, आणि विमानाचं चित्र डोळ्यांसमोर असेल तर त्या अवस्थेला हे नाव का दिलं ते चटकन कळतं.

माणसाबद्दल ‘ही टुक ऑफ’ म्हटलं, तर तो घाईने निघून गेला, सटकला. ब्रिटिश बोलण्यात कुणाची नक्कल करण्यालाही ‘टेक ऑफ’ म्हणतात. या अर्थात सुटण्याची कल्पना बसवायची खटपट करू नये. तो ओळखता आला की पुरे.

आता रचना, कारण परीक्षेत गुण इथेच जातात. ‘टेक ऑफ युअर कोट’ चालतं, ‘टेक युअर कोट ऑफ’ही चालतं. पण कोटाऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसलं पाहिजे: ‘टेक इट ऑफ’. ‘टेक ऑफ इट’ हे या अर्थाने चुकीचं आहे. सुट्टीच्या अर्थी वेळ दाखवणारा शब्दही सहसा मधेच येतो: ‘टेक अ डे ऑफ’. विमान, धंदा आणि सटकणारा माणूस या तिघांच्या वाक्यात कर्मच नसतं. त्यामुळे अनोळखी वाक्यात ‘टेक ऑफ’ दिसलं की पहिला प्रश्न विचारा, कर्म आहे का? नसेल तर उड्डाण, भरभराट किंवा निघून जाणं, यांपैकी काहीतरी असण्याचीच शक्यता जास्त. कर्ता बघितला की त्यांतला कुठला ते ठरतं.

बोलताना आघाताकडे लक्ष द्या. ‘द प्लेन टुक ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर येतो. नाम म्हणून ‘टेक-ऑफ’ म्हणताना तो ‘टेक’वर येतो. मोठ्याने दोन्ही म्हणून बघा, कानाला फरक लगेच कळतो.

औपचारिक लेखनात मी ‘टेक ऑफ’ जरा जपून वापरायला सांगतो. अहवालात रक्कम वजा झाली असेल तर ‘डिडक्ट’, नाव काढलं असेल तर ‘रिमूव्ह’ जास्त शोभतं. विमानाला मात्र कितीही औपचारिक मजकुरात ‘टेक ऑफ’ योग्यच आहे.

अर्थ पक्का झाला का हे तपासायला मला सगळ्यात आवडणारी पद्धत म्हणजे विरुद्ध क्रियापद शोधणं. विमानाच्या ‘टेक ऑफ’ला ‘लँड’, सुट्टीच्या ‘टेक ऑफ’ला ‘गो बॅक टू वर्क’, किमतीच्या ‘टेक ऑफ’ला ‘ॲड’, कपड्यांच्या ‘टेक ऑफ’ला ‘पुट ऑन’. प्रत्येक अर्थाचा विरुद्धार्थी शब्द वेगळा निघतो, आणि तो सुचला नाही तर अर्थ अजून धूसर आहे असं समजावं. ‘पुट ऑन’पाशी पोचलात की तेच पुढचं क्रियापद म्हणून घ्या. ते कपड्यांना चालतं, चष्म्याला चालतं, वाढलेल्या वजनाला चालतं, दिव्यालाही चालतं. पण दिवा घालवायचा असेल तर तिथे ‘टेक ऑफ’ येत नाही, ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ लागतं.