हात अडला तेव्हा हाताला काय लागलं? फिजिओथेरपीत नव्याने येणाऱ्यांसाठी

इंटर्नशिपचा दुसरा महिना चालू होता. ओपीडीत एक काकू आल्या. वय पंचावन्नच्या आसपास, मधुमेह जुना, उजवा खांदा तीन महिन्यांपासून दुखत होता. "अंबाडा घालता येत नाही गं, सून घालून देते," एवढंच म्हणाल्या आणि पदर सावरत पलंगावर आडव्या झाल्या. मी हात धरून वर नेला. गोनिओमीटरवर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीवर, १०० अंश भरले. पुस्तकात १८० लिहिलेले. मला त्या वेळी काकू दिसतच नव्हत्या, ८० अंशांची तूट दिसत होती. शेक दिला आणि हात वर रेटायला लागले. काकूंनी डाव्या हातानं पलंगाची कड घट्ट धरली होती. ते मी पाहिलं, तरी थांबले नाही. ११० झाले तेव्हा समाधानानं फाइलमध्ये आकडा लिहिला.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या तेव्हा हात ८५ वरच अडत होता आणि मी नुसती जवळ गेले तरी त्यांचा खांदा कानाकडे उचलला जात होता. रात्रभर ठणका लागला होता, असं सुनेनं सांगितलं.

आमच्या सिनियर मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि एकच विचारलं, "हात अडला तेव्हा तुझ्या हाताला काय लागलं?" मला उत्तर देता आलं नाही. आज पंधरा वर्षांनी माझ्याकडे नवी मुलं शिकायला येतात, तेव्हा मीही त्यांना पहिल्या दिवशी हेच विचारते. सांधा मोकळा करायचं काम या प्रश्नापासून सुरू होतं.

सांधा अडतो तिथे हाताला जे लागतं, त्याला आपण एंड फील म्हणतो. परीक्षेत व्याख्या लिहून गुण मिळतात, पण ओळख स्वतःच्या अंगावरच होते. आत्ता करून बघा. कोपर पूर्ण सरळ करा, शेवटी हाडाला हाड टेकल्यासारखं टणक लागतं. आता तोच पूर्ण दुमडा, दंडाचं मांस कोपराखालच्या मांसाला भिडतं आणि मऊ थांबतं. हाताची बोटं दुसऱ्या हातानं मागे वाकवा, चामडं ताणल्यासारखं लागेल, किंचित अजून जाईल असं वाटेल. हे तिन्ही निरोगी सांध्यातले थांबे. पेशंटमध्ये आणखी दोन भेटतात. एकात स्नायू मध्येच झटक्यानं आवळतात आणि तुमचा हात अडवतात. दुसऱ्यात हाताला काहीच लागत नाही, पण पेशंट "बास, बास" म्हणतो आणि पुढे जाऊच देत नाही. काकूंचा खांदा त्या दिवशी असाच होता. तिथे ताणायला काही नव्हतं, सांधा सुजून तापलेला होता. मी मात्र तो आखडलेला समजून ओढत बसले.

पेशंट येऊन सांगतात, "मॅडम, गुडघ्यातलं वंगण संपलंय." त्यांना हसू नका, कारण त्या बोलण्यात तथ्य आहे. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. सांध्यावर भार आला की कूर्चा दाबली जाते, भार गेला की फुगते, आणि या दाबण्या-फुगण्यात द्रव आतबाहेर होतो. सांधा सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिला की हे थंडावतं. सांध्याभोवतीच्या पिशवीचे, म्हणजे कॅप्सूलचे, तंतू एकमेकांना चिकटतात, तिच्या घड्या आवळतात, स्नायू आखूड होतात. प्लॅस्टर निघाल्यावर हाड जुळलेलं असतं, तरी मनगट लाकडासारखं लागतं ते यामुळे.

आता उपचार. कॅप्सूलचं कातडं नव्या कोल्हापुरी चपलेसारखं समजा. पहिल्याच दिवशी दिवसभर घालून फिरलात तर चावते, रोज थोडी थोडी घातलीत तर पायाचा आकार घेते. मंद ताण जास्त वेळ दिला की तंतू जुळवून घेतात, हिसका दिला की फाटतात, सुजतात आणि आणखी घट्ट होतात. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी सांध्याच्या हालचालीला ज्या श्रेणी लावून दिल्या, त्या तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात पाठ कराल. पहिली आणि दुसरी दुखणं शमवायला: पहिली छोटी, दुसरी मोठी, दोन्ही लयबद्ध, अडथळ्याच्या अलीकडेच थांबणाऱ्या. तिसरी आणि चौथी आखडलेपणासाठी, अडथळ्यापर्यंत जाऊन त्याला हलकेच धक्का देणारी. पाचवीत एक झटका असतो. तो सिनियरशिवाय कुणी करू नये. यातली कुठली वापरायची, ते पुस्तक सांगत नाही. हाताला जे लागलं ते सांगतं.

फ्रोजन शोल्डरमध्ये, म्हणजे कॅप्सूल आवळून आखडत गेलेल्या काकूंसारख्या खांद्यात, आणखी एक गोष्ट नव्या मुलांच्या हातून सुटते. सगळे हात वर किती जातो ते मोजतात. पण सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त हरवते ती बाहेर फिरण्याची हालचाल. कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर नेऊन बघा, आखडलेल्या बाजूला तो पोटासमोरून फारसा हलत नाही. आणि हात बाजूनं वर जाताना दंडाच्या हाडाचा गोळा खळग्यात खाली सरकावा लागतो. खालचं कॅप्सूल आवळलेलं असताना नुसता हात वर रेटला, तर गोळा खाली सरकत नाही, वरच्या हाडाखाली चिमटतो. म्हणून आधी ग्लाइड: गोळ्याजवळ हात ठेवून तो खाली सरकवा, मग हात वर न्या. मॅडमनी काकूंचा हात स्वतःच्या काखेत अलगद धरून हे करून दाखवलं. चार-पाच मिनिटं, दुखू न देता. काकूंनी पलंगाची कड सोडली.

पुढचे तीन आठवडे मी फक्त दुखणं उतरवलं. पुढे वाकून हात लोंबता सोडून झुलवणं, झोपताना दंडाखाली उशी, दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटांचा व्यायाम. साखर आटोक्यात आणायला त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण मधुमेहींत हा खांदा जास्त होतो आणि रेंगाळतोही जास्त. रात्रीची झोप लागायला लागली, तेव्हाच काठीचे व्यायाम आणि तिसरी-चौथी श्रेणी आली. एक नियम तेव्हापासून मी सोडलेला नाही: व्यायामानंतरची कळ तास-दोन तासांत ओसरली पाहिजे. दुसऱ्या सकाळी सांधा आदल्या दिवसापेक्षा जास्त आखडलेला असेल, तर पेशंट आळशी नाही, आपला डोस जास्त झालाय.

कोपराबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा झाडावरून पडला, कोपराजवळ मोडलं, प्लॅस्टर झालं. निघाल्यावर कोपर सरळ होईना, म्हणून घरच्यांनी मालिशवाल्याकडे नेलं. त्यानं तेल लावून रोज जोरानं ताणलं, शिवाय पाण्यानं भरलेली बादली उचलून चालायला लावलं. माझ्याकडे आला तेव्हा कोपराच्या पुढच्या बाजूला गोळा लागत होता, गरम, दुखरा. एक्स-रेमध्ये स्नायूत हाड धरायला लागल्याचं दिसलं, मायोसायटिस ऑसिफिकन्स. कोपराला मार लागल्यानंतर चोळणं आणि जोरानं ताणणं याचा हा परिणाम असू शकतो. त्या वेळी ताणण्याचे सगळे प्रकार बंद करून ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे परत पाठवणं, हेच आमचं काम होतं. कोपर मुलाला स्वतःच हलवू द्यायचं असतं, जेवढं न दुखता हलेल तेवढं, पण दिवसातून अनेकदा. बहुतेक रोजची कामं ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात भागतात. घास तोंडापर्यंत आला आणि शर्टाचं वरचं बटण लागलं, की शेवटच्या दहा अंशांसाठी मुलाला रडवायची गरज नसते. आईवडिलांना हे पहिल्याच भेटीत सांगा. हाडवैद्याकडे जाऊ नका एवढं सांगून भागत नाही, का नको तेही सांगा.

गुडघ्यात सगळ्यांचं लक्ष वाकण्याकडे असतं. सपाट चालायला ६० ते ६५ अंश पुरतात, जिना चढायला आणि खुर्चीतून उठायला ९० च्या आसपास लागतात, उकिडवं बसायला १३० च्या पुढे. पेशंटही "किती वाकला?" हेच विचारतो. पण सांधाबदलाच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघा सरळ न होणं जास्त त्रासदायक ठरतं. पाय दहा-पंधरा अंशांत वाकलेला राहिला, की प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू राबत राहतात आणि माणूस लवकर थकतो. वॉर्डात गेलात की आधी गुडघ्याखालची उशी काढा. घरचे मायेनं ठेवतात, कारण त्यात आराम वाटतो, आणि गुडघा त्याच स्थितीत आखडतो. उशी टाचेखाली हवी. तिथे उभं राहून नातेवाइकांना समजावा, नाहीतर तुम्ही वळलात की उशी परत येते. पोटरी सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखणारी दिसली, तर व्यायाम न करता लगेच डॉक्टरांना कळवा. रक्ताची गुठळी असू शकते.

मोजण्याबद्दल थोडं. गोनिओमीटरचं टोक अंदाजानं ठेवू नका, हाडाच्या खुणा बोटानं चाचपून शोधा. गुडघ्यासाठी एक पट्टी खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या रोखानं, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या रोखानं. इतकं करूनही पाचेक अंशांचा फरक मोजण्यातला असू शकतो, म्हणून आज ९५ आणि उद्या ९८ झाल्यावर पेढे वाटू नका. तोच माणूस, तीच स्थिती, शक्यतो तीच वेळ. आणि आकड्याच्या शेजारी एक काम लिहा: वेणी, देवासमोर पाट, बसची पायरी. पेशंटला अंश कळत नाहीत, पायरी कळते.

ज्यांनी अजून प्रवेश घेतलेला नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात या पदवीला नीटमधून प्रवेश मिळतो, बरीच महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत, आणि काम सुरू करायच्या आधी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी करावी लागते. आमच्या वेळी इंटर्नशिपसह साडेचार वर्षं लागत. एमबीबीएस हुकलं म्हणून आलेली मुलं पहिल्या वर्षी उदास असतात. त्यांना एवढंच सांगते की पहिल्या वर्षाची शरीररचना मनापासून करा. कॅडॅव्हरवर, म्हणजे शिकण्यासाठी ठेवलेल्या मृतदेहावर, कॅप्सूल ज्यानं बोटानं चाचपलंय, त्याचा हात पुढे पेशंटवर भांबावत नाही.

स्वतःच्या अंगालाही जपा. अंगठ्यानं दाब देत राहिलात तर पाच वर्षांत अंगठ्याचाच सांधा धरतो, तो त्रास मी भोगलाय. तळव्याची कड वापरा, पलंग आपल्या उंचीला आणा, दाब खांद्यातून नाही तर अंगाच्या भारातून द्या. नखं कापलेली हवीत. आणि थंडीत हात चोळून गरम केल्याशिवाय पेशंटला लावू नका. गार हात लागला की स्नायू आवळतात आणि तुम्हाला खोटा एंड फील मिळतो.

काकूंचा खांदा सुटायला दहा महिने लागले. शेवटची मोजणी १५० होती, १८० कधी झालीच नाही. दिवाळीच्या आधी त्या ओपीडीत आल्या, खुर्चीत बसल्या, तोंडात केसांचे आकडे धरले आणि दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा घातला. मध्ये एकदा थांबल्या, उजवा हात जरा खाली घेतला, परत वर नेला. मी फाइल उघडली आणि १५० च्या शेजारी लिहिलं: अंबाडा, स्वतः, एकदा थांबून.