जूमलाच्या ॲडमिनमध्ये आपल्या कंपोनंटला स्वतःचं बटण कसं द्यायचं

जूमला या वेबसाइट चालवण्याच्या प्रणालीत कंपोनंट (तिला जोडलेला आपला स्वतःचा छोटा प्रोग्राम) लिहिलं की नवीन, संपादन, प्रकाशित करा, हटवा ही नेहमीची बटणं एकेका ओळीत मिळून जातात. अडतं ते आपल्या कामाच्या खास बटणाशी. मी एका सार्वजनिक वाचनालयाचं सभासदांचं कंपोनंट सांभाळते. तिथल्या ग्रंथपाल काकूंची मागणी साधी होती: ज्यांच्याकडून पुस्तकं परत यायची राहिलीत, त्यांच्या नावांपुढे टिक करायची आणि वरच्या पट्टीवर 'स्मरणपत्र पाठवा' दाबायचं. त्याच बटणावरून सगळं सांगते. हे जूमला ४ आणि ५ साठी आहे. ३ मध्ये फाइलींची मांडणी वेगळी होती. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, फाइलीत ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

बटण स्वतः काहीच काम करत नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. ते दाबलं की पानावरच्या 'ॲडमिनफॉर्म' या फॉर्ममधल्या 'टास्क' नावाच्या लपलेल्या फील्डमध्ये एक नाव भरलं जातं आणि फॉर्म सबमिट होतो. एवढंच. आपल्या बाबतीत ते नाव 'मेंबर्स.रिमाइंड'. टिंबाच्या आधी कंट्रोलर, म्हणजे आलेली विनंती हाताळणारा क्लास; टिंबानंतर त्या कंट्रोलरमधली मेथड, म्हणजे ते काम करणारं फंक्शन. म्हणून मी कधीच बटणापासून सुरुवात करत नाही. आधी टास्कचं नाव ठरवायचं, ते घेणारी मेथड लिहायची, मग बटण.

कंट्रोलर ॲडमिनिस्ट्रेटरमधल्या आपल्या कंपोनंटच्या फोल्डरात, 'एसआरसी'च्या आत 'कंट्रोलर'मध्ये असतो. फाइलीचं आणि क्लासचं नाव 'मेंबर्सकंट्रोलर', आणि तो 'ॲडमिनकंट्रोलर'वरून एक्स्टेंड करायचा. यादीच्या कामांना अनेकवचनी कंट्रोलर, एका नोंदीच्या फॉर्मला एकवचनी 'मेंबरकंट्रोलर'. 'नवीन' बटणाचा टास्क 'मेंबर.ॲड' असतो तो याचमुळे. त्यात आपली 'रिमाइंड' ही पब्लिक मेथड लिहायची.

मेथडची पहिली ओळ 'धिस'वर 'चेकटोकन': विनंती आपल्याच पानावरच्या फॉर्ममधून आली ना, हे फॉर्ममधल्या गुप्त टोकनवरून तपासायचं. प्रकाशित करा, हटवा या तयार मेथडींमध्ये ही तपासणी आधीपासून आहे. आपल्या मेथडीत ती आपणच घालायची. त्यानंतर परवानगीची तपासणी, तिच्याकडे पुढे येते. मग 'इनपुट'मधून 'सीआयडी' घ्यायचं, म्हणजे टिक केलेल्या ओळींचे आयडी. ते पूर्णांक म्हणूनच घ्या आणि 'अरे_फिल्टर'मधून शून्यं काढून टाका. उरलेली यादी मॉडेलकडे, म्हणजे माहितीचं प्रत्यक्ष काम करणाऱ्या क्लासकडे, सोपवा. मेल पाठवण्याचं काम कंट्रोलरमध्ये कोंबू नका; उद्या तेच काम दुसरीकडून करायचं झालं तर मॉडेलमधली मेथड सरळ वापरता येते. शेवटी 'सेटरीडायरेक्ट'ने यादीच्या पानावर परत आणायचं आणि किती जणांना स्मरणपत्र गेलं तो आकडा संदेशात दाखवायचा. काकूंसारख्या माणसाला 'काम झालं' यापेक्षा '१४ सभासदांना स्मरणपत्र गेलं' याचा भरवसा कितीतरी जास्त वाटतो.

आता बटण. 'एसआरसी'च्याच आत 'व्ह्यू' (पान दाखवणारा भाग) फोल्डरात 'मेंबर्स', त्यात 'एचटीएमएलव्ह्यू' ही फाइल. तिच्या 'डिस्प्ले' मेथडीतून 'ॲडटूलबार' बोलावलेलं असतं. नसेल तर पेरेंटचं 'डिस्प्ले' बोलावण्याआधी ती ओळ घाला. टूलबार, म्हणजे बटणांची वरची पट्टी, हातात घ्यायची रीत आवृत्तीनुसार बदलते. जूमला ४ मध्ये 'टूलबार' क्लासचं 'गेटइन्स्टन्स'. ५ मध्ये 'धिस'वर 'गेटडॉक्युमेंट' आणि त्यावर 'गेटटूलबार'. नवं कंपोनंट ५ साठी लिहीत असाल तर दुसरीच रीत धरा.

जुन्या कोडमध्ये 'टूलबारहेल्पर'चं 'कस्टम' दिसेल. ते अजून चालतं, पण त्यात टास्क, आयकॉन, दुसरा आयकॉन, मजकूर, यादीची अट असं सगळं ओळीने भरावं लागतं, आणि सहा महिन्यांनी वाचताना कुठला 'ट्रू' कशासाठी ते कळत नाही. मला नवी साखळीची पद्धत आवडते: टूलबारवर 'स्टँडर्डबटन', त्याला नाव 'रिमाइंड', मग 'टेक्स्ट', 'टास्क', 'आयकॉन' आणि 'लिस्टचेक' बाणाने एकापुढे एक. वाचलं की अर्थ लागतो.

पण आपल्या कामाला 'स्टँडर्डबटन' नको, 'कन्फर्मबटन' हवं. गेलेला मेल परत बोलावता येत नाही. 'कन्फर्मबटन'ला 'मेसेज' जोडला की दाबल्यावर आधी प्रश्न येतो, होकार दिला तरच फॉर्म पुढे जातो. हटवा हे बटण याच जातीचं आहे. जे काम उलटवता येत नाही त्याला हेच वापरा. जे सहज उलटतं त्याला वापरू नका, नाहीतर लोक न वाचताच 'ओके' दाबायला शिकतात.

'लिस्टचेक'ला 'ट्रू' दिलं की ओळ टिक होईपर्यंत बटण दाबताच येत नाही. इथे बऱ्याच जणांचं घोडं अडतं: टिक केली तरी बटण मंदच राहतं. कारण टूलबारमध्ये शोधू नका, यादीच्या टेम्प्लेटमध्ये शोधा. 'टीएमपीएल'च्या आत 'मेंबर्स', त्यात 'डीफॉल्ट' फाइल. तिथल्या फॉर्मचं आयडी आणि नाव दोन्ही 'ॲडमिनफॉर्म' हवं. आत 'टास्क' हे रिकामं लपलेलं फील्ड, 'बॉक्सचेक्ड' हे शून्य किमतीचं लपलेलं फील्ड, आणि 'फॉर्म.टोकन'. टिक केली की 'बॉक्सचेक्ड'चा आकडा वाढतो आणि बटण त्याच फील्डवर नजर ठेवून असतं. फील्डच नसेल तर बटणाला काही कळायचा मार्ग नाही. ओळींचे चेकबॉक्सही हाताने न लिहिता 'ग्रिड.आयडी'ने काढा, म्हणजे 'सीआयडी' हे नाव आणि हा आकडा दोन्ही आपोआप जुळतात.

बटण दाबलं आणि 'इनव्हॅलिड कंट्रोलर क्लास' आलं, तर टिंबाच्या आधीचा भाग किंवा क्लासची नेमस्पेस चुकली आहे. मेथडीचं नाव चुकलं असेल तर एररही येत नाही आणि कामही होत नाही. अशा वेळी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये गेलेला फॉर्म उघडा आणि 'टास्क'समोर नेमकं काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा.

परवानगीबद्दल मी हट्टी आहे. वाचनालयात संध्याकाळी येणारा मदतनीस पुस्तकांच्या नोंदी करतो. त्याने सभासदांना मेल पाठवू नयेत. त्यासाठी कंपोनंटच्या 'ॲक्सेस' एक्सएमएल फाइलीत 'कोअर.क्रिएट', 'कोअर.डिलीट' यांच्या शेजारी आपली एक नवी कृती लिहायची, 'मेंबर्स.रिमाइंड' अशीच. 'कॉन्फिग' एक्सएमएलमध्ये परवानग्यांचं फील्ड असेल, तर ती पर्यायांच्या पानावर दिसू लागते आणि गटागटाला देता येते. मग व्ह्यूमध्ये 'कंटेंटहेल्पर'च्या 'गेटॲक्शन्स'ने विचारून, होकार असेल तरच बटण काढायचं.

इथे थांबणारे खूप आहेत, आणि हे चुकीचं आहे. बटण लपवणं म्हणजे दार बंद करणं नव्हे. कंट्रोलरमधली प्रत्येक पब्लिक मेथड टास्क म्हणून बाहेरून बोलावता येते. मदतनीसाला बटण दिसत नसलं तरी फॉर्ममधलं 'टास्क' बदलायला ब्राउझर पुरतो, आणि त्याच्याकडे टोकन खरंच असतं. म्हणून कंट्रोलरमध्ये 'चेकटोकन'नंतर लगेच, लॉगिन केलेल्या व्यक्तीवर 'ऑथराइज' चालवून तीच कृती पुन्हा तपासा. सभासदांचे पत्ते आपल्या भरवशावर तिथे ठेवलेले असतात.

बटणावरचा मजकूर कोडमध्ये थेट लिहू नका, भाषेच्या फाइलीत 'की' (त्या मजकुराचं ओळखनाव) देऊन लिहा. ॲडमिन मराठीत असेल तर 'एमआर-आयएन' फोल्डरात. इंग्रजीत असेल आणि फक्त आपली बटणं मराठीत हवी असतील, तर 'ईएन-जीबी'च्या फाइलीत मराठी मजकूर लिहिला तरी चालतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. 'स्मरणपत्र पाठवा'च्या जागी नुसतं 'पाठवा' ठेवू नका, काय पाठवायचं ते बटणावरच दिसायला हवं.

बटणं वाढली तर 'ड्रॉपडाउनबटन' घ्या आणि त्याच्या 'गेटचाइल्डटूलबार'वर क्वचित लागणारी बटणं टाका. रोजचं बटण मात्र आत लपवू नये. काकू पट्टीच्या डाव्या टोकापासून वाचत येतात, म्हणून त्यांचं बटण 'नवीन'च्या लगेच नंतर आहे. टूलबारवर बटणं ज्या क्रमाने जोडाल त्याच क्रमाने दिसतात.

यादी मोठी असेल तर एकाच विनंतीत शेकडो मेल पाठवू नका, सर्व्हरची वेळेची मर्यादा मध्येच संपते आणि कोणाला गेलं, कोणाला नाही याचा पत्ता लागत नाही. मॉडेलने फक्त त्या नोंदींवर 'स्मरणपत्र बाकी' अशी खूण करावी, आणि जूमला ४.१ पासून आलेल्या शेड्यूल्ड टास्कने ती थोडी थोडी करून पाठवावीत. तसं केलंत तर परतीच्या संदेशात 'गेलं' लिहू नका, 'रांगेत लावलं' लिहा.