पहिली ते चौथीच्या लेकरांसाठी गोष्टीचं ॲप कसं निवडावं

वेळ अमावस्येला आमच्याकडं घरंच्या घरं शेतात जातात, कडब्याची कोप म्हणजे छोटं खोपटं करून पूजा करतात आणि तिथंच जेवतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात अभ्यास होत नाही. लातूर-धाराशिवकडच्या कुठल्याही गुरुजींना विचारा. लेकरं मनानं अजून शेतातच असतात. मागच्या खेपेला मी म्हटलं, चला, आज प्रत्येकानं कालची गोष्ट सांगायची आणि मोबाईल ती लिहून घेणार. मराठीत बोलून टाइप करायची सोय २०१७ पासून फुकट आहे, मग वापरायला काय हरकत? दुसरीतलं एक पोरगं उभं राहिलं आणि म्हणालं, "आज्जीनं बाजरीचे उंडे केलते." उंडे म्हणजे बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे. पडद्यावर उमटलं, "बाजरीचे अंडे." चौथीतल्या मुलीनं ते मोठ्यानं वाचलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. पोरगं खाली बसलं, ते मधल्या सुट्टीपर्यंत बोललं नाही.

चूक माझीच होती. ज्याला अजून जोडाक्षर नीट लिहिता येत नाही, त्याची गोष्ट मी लिहूनच घ्यायला निघालो होतो. मग टायपिंग बंद केलं आणि नुसतं रेकॉर्डिंग सुरू केलं. त्या दिवसापासून कुठलंही ॲप हातात आलं की पहिला प्रश्न हाच: लेकराचा आवाज हे जसाच्या तसा ठेवतं का? बाकी रंग, कार्टून, संगीत नंतर.

खाली लिहिलंय ते दोनशिक्षकी शाळेतल्या, २३ लेकरं आणि एक टॅब असलेल्या माणसाच्या अनुभवातून. घरी एका लेकरासाठी ॲप शोधत असाल तर काही पायऱ्या सोडून द्या.

१. ॲप उघडायच्या आधी चार चित्रं

एक कोरा कागद दोनदा घडी घाला, चार चौकोन होतात. पहिल्यात कोण आणि कुठं, दुसऱ्यात काय चाललं होतं, तिसऱ्यात काय बिघडलं, चौथ्यात मग काय झालं. चित्रं कशीही चालतील. बैल आणि शेळी सारखीच दिसली तरी काढणाऱ्याला फरक माहीत असतो.

ही पायरी गाळली की काय होतं ते मी पाहिलंय. टॅब हातात दिला की पोरं अर्धा तास पात्राच्या टोपीचा रंग बदलत बसतात आणि गोष्ट तशीच राहते. कागदावर गोष्ट असली की ॲपकडं जाताना त्यांना नेमकं काय करायचंय ते ठाऊक असतं. आपल्यालाही कळतं, की या गोष्टीला आवाज हवाय, हलणारं चित्र हवंय की साधं पुस्तक पुरेल.

२. हाताशी काय आहे ते मोजा

किती टॅब, किती मोबाईल, त्यात जागा किती शिल्लक, लाइट कधी असते. मग गणित करा. २३ लेकरांचे चार-चारचे गट केले तर सहा गट होतात. प्रत्येकाला १५ मिनिटं धरली तरी ९० मिनिटं गेली. म्हणजे एका गटाला पाऊण तास लागेल असं ॲप कितीही गुणी असलं तरी आमच्या शाळेत ते आठवडाभर पुरतं आणि तोवर पहिल्या गटाचा उत्साह संपलेला असतो. मी १५ मिनिटांत काहीतरी हाती लागेल अशीच ॲप घेतो.

३. तीन परीक्षा, लेकरांच्या हाती द्यायच्या आधी

या घरी बसून घ्या. चहा संपेपर्यंत होतात.

पहिली: मोबाईल विमान मोडवर टाका आणि ॲप उघडा. नवी गोष्ट सुरू होते का, आवाज भरता येतो का, जतन होते का? आमच्याकडं रेंज शाळेच्या गच्चीवर येते, वर्गात येत नाही. नेटशिवाय अडून बसणारं ॲप मी तिथंच काढून टाकतो.

दुसरी: मराठी अक्षरांची. हे वाक्य त्यात टाइप करून बघा: "दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं कोपीवरचा कडबा उडाला." काही ॲपमध्ये 'दिवशी'तली पहिली वेलांटी 'द'च्या उजवीकडं जाऊन बसते आणि 'ऱ्या'चे तुकडे होऊन मधे पाय मोडलेला र दिसतो. पडद्यावर बरोबर दिसलं तरी थांबू नका. त्याचं पीडीएफ करा, व्हिडिओ करा आणि पुन्हा बघा. कैक वेळा पडद्यावर सगळं ठीक असतं आणि पीडीएफमध्ये वेलांट्या सैरावैरा पळतात. पहिली-दुसरीचं लेकरू आत्ताच वेलांटी शिकतंय, त्याच्यापुढं मोडकी अक्षरं ठेवण्यापेक्षा शब्द नसलेलं ॲप बरं. शब्द कागदावर हातानं लिहा, फोटो काढा, तो टाका. अक्षर कधीच मोडत नाही.

तिसरी परीक्षा मी ठेच लागल्यावर घ्यायला शिकलो. एका ॲपवर, नाव घेत नाही, लेकरांनी १४ गोष्टी केल्या. दिसायला झकास. पालकसभेत दाखवायच्या म्हणून बाहेर काढायला गेलो तर कळलं, की सात दिवस फुकट होतं आणि आता व्हिडिओ बाहेर काढायला पैसे भरा. गोष्टी आत दिसतात, हलतात, बोलतात आणि बाहेर येत नाहीत. सभेत मी टॅब हातात धरून फिरलो, आठवडे बाजारातल्या बायस्कोपवाल्यासारखा. तेव्हापासून आधी स्वतः दहा सेकंदांची गोष्ट करतो, ती गॅलरीत येते का बघतो, व्हॉट्सॲपवर घरी पाठवतो आणि दुसऱ्या फोनवर उघडते का तेही बघतो. बाहेर काढलेल्या व्हिडिओवर आडवा शिक्का किंवा जाहिरात येत असेल तर तेही इथंच कळतं.

४. अकाउंट, परवानग्या, जाहिराती

ॲप माइक मागतंय, कॅमेरा मागतंय, ठीक. कॉन्टॅक्ट आणि लोकेशन मागत असेल तर गोष्ट सांगायला त्याला तुमची फोनबुक कशाला पाहिजे? नको म्हणा. नको म्हटल्यावर चालत नसेल तर काढून टाका.

अकाउंट लागलंच तर शिक्षकाच्या किंवा पालकाच्या नावानं काढा. लेकराचं पूर्ण नाव, आडनाव, गाव, शाळा यातलं काहीही टाकू नका. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरलाय आणि त्याची माहिती वापरायला आई-बापाची संमती लागते असं म्हटलंय. कायदा बाजूला ठेवला तरी साधा नियम पाळा: चित्र जाऊ द्या, आवाज आई-बापाला विचारून जाऊ द्या, चेहरा शाळेबाहेर जाऊ देऊ नका.

जाहिरातींबद्दल फार बोलत नाही. गोष्टीच्या मधेच रमीची जाहिरात आली की लेकरं गोष्ट विसरतात.

५. आता नावं

सगळी ॲप सांगत बसलो तर यादी संपायची नाही. माझ्या वर्गात टिकलेली चार-पाचच सांगतो.

*काहीच नवं न घेता.* चार चित्रांचा कागद भिंतीला टेकवा, मोबाईलचा कॅमेरा व्हिडिओवर लावा आणि एकेका चौकोनावरून सावकाश फिरवत लेकराला सांगू द्या. मोबाईल हातात धरू नका, दोन विटा आणि पुस्तकांची चळत करून त्यावर ठेवा आणि कागद सरकवा. अकाउंट नाही, नेट नाही, व्हिडिओ थेट गॅलरीत. सुरुवात इथूनच करा असं माझं स्पष्ट मत आहे. काही वर्गांना याच्यापुढं जायची गरजही पडत नाही.

*चॅटरपिक्स किड्स.* पहिलीसाठी. चित्राचा फोटो काढायचा, तोंडाच्या जागी बोटानं एक रेघ ओढायची, ३० सेकंदांपर्यंत बोलायचं. बैल बोलायला लागतो. टाइप करायचं काही नाही. एरवी हजेरीलाही मान हलवणारी एक लाजाळू मुलगी बैलाच्या तोंडून मात्र पाणी कमी पडल्याची तक्रार घडाघडा करते, हे मी वर्गात बघितलंय. ३० सेकंद कमी वाटतात, पण या वयाला तेवढी मर्यादा फायद्याची. 'आणि मग, आणि मग' थांबतं.

*स्क्रॅचज्युनियर.* पाच ते सात वर्षांच्या लेकरांसाठी अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठानं आणि एमआयटीनं मिळून केलेलं, फुकट. पहिल्यांदा आलं २०१४ मध्ये. यात आज्ञा शब्दांत नसतात, चित्रांच्या ठोकळ्यांत असतात. बाणाचा ठोकळा लावला की पात्र चालतं, हिरवा झेंडा दाबला की गोष्ट सुरू. आपलं चित्र काढता येतं, आवाज भरता येतो. एका गोष्टीला जास्तीत जास्त चार पानं मिळतात, म्हणजे आपला घडीचा कागद जसाच्या तसा उतरतो. दोन अडचणी: ते टॅबसाठी आहे, मोबाईलच्या छोट्या पडद्यावर त्याचा नाद करू नका. आणि गोष्टी त्याच टॅबमध्ये राहतात. कुणी जागा करायला ॲप काढून टाकलं की गोष्टीही गेल्या. ॲप उघडलं की पहिलं पात्र मांजर असतं, म्हणून आमच्या टॅबच्या पाठीला चिठ्ठी चिकटवलीय: 'मांजरीचं ॲप काढू नये.'

*स्टॉप मोशन स्टुडिओ.* तिसरी-चौथीसाठी. मातीचे बैल थोडेथोडे सरकवत फोटो काढायचे, ॲप ते जोडून हलतं चित्र करतं. सेकंदाला पाच फोटो धरले तर २० सेकंदांच्या गोष्टीला १०० फोटो लागतात. हे आधी फळ्यावर गुणून दाखवा, नाहीतर पोरं रामायण काढायला बसतात. पोळ्याचे मातीचे बैल सुकले की हे करायला उत्तम वेळ. काही सोयींना पैसे पडतात, आम्हाला त्यांची गरज पडलेली नाही.

*स्टोरीवीव्हर.* प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेलं संकेतस्थळ. मराठी गोष्टी वाचायला, उतरवून घ्यायला फुकट. शिवाय तिथल्याच चित्रांवर आपली गोष्ट रचता येते. त्याला नेट आणि अकाउंट लागतं, म्हणून हे काम गुरुजींनी करायचं. चौथीतली मुलं चित्रं निवडतात, बोलतात, मी टाइप करतो. चित्रकाराचं नाव पुस्तकावर राहू द्यायचं, ही तिथली अट आहे आणि योग्य आहे. 'प्रकाशित करा' दाबलं की गोष्ट जगाला दिसते, एवढं ध्यानात ठेवा.

शाळेत संगणक आणि बरं नेट असेल तर बुक क्रिएटर बघा, पानापानावर चित्र आणि आवाज दोन्ही ठेवता येतात. एआयनं चित्र काढून देणारी साधनं या वयाला नकोत. बहुतेकांच्या अटींमध्येच वयाची मर्यादा असते आणि मी सहज कडब्याची कोप मागून बघितली तर झोपडी आली, तीही नारळाच्या झाडाखाली.

६. घरच्या बोलीला जागा ठेवा

निवडलेलं ॲप एका गटाला द्या आणि तुम्ही मागं हात बांधून दहा मिनिटं गप्प बसा. किती वेळा "गुरुजी, पुढं काय?" येतं ते मोजा. पाचाच्या वर गेलं तर ॲप बदला, लेकरू नव्हे.

रेकॉर्डिंगच्या वेळी कोणी "पाऊस येऊलालाय" म्हणालं तर मधे थांबवून "येत आहे" करायला लावू नका. तांड्यावरचं लेकरू आईला याडी म्हणतं, गोष्टीतही याडीच राहू द्या. प्रमाण मराठी पाठ्यपुस्तकात आहेच, तिथं ती येईल. यासाठीच मी आवाजाची ॲप आधी घेतो. आवाज दुरुस्ती सुचवत नाही, खाली लाल रेघ मारत नाही.

७. कोणाला ऐकवायची ते ठरवून मगच बाहेर काढा

आमच्या वर्गातल्या पाच-सहा लेकरांचे आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, लेकरं आज्जीपाशी. तिकडं चार्जिंगची मारामार, नेट त्याहून तुटपुंजं. मोठा व्हिडिओ उतरतच नाही. त्यांच्यासाठी मी नुसता आवाज पाठवतो आणि जोडीला एक फोटो. एवढं दोन मिनिटांत पोचतं.

उंड्यांची गोष्टही शेवटी तशीच गेली. त्या पोरानं चार चित्रं काढली: कोप, हांडा, भज्जी, आंबील. मोबाईल विटांवर ठेवला आणि त्यानं सांगितली. मग आवाज कारखान्याच्या तळावरच्या कोपीत पोचला. रात्री नऊ वाजता त्याच्या आईचा आवाज परत आला: "गोष्ट लई झाक झाली रं. पर आंबिलीत लसूण कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं पाचवं चित्र काढलं.