वावर मुलांच्या नावावर करण्याआधी: म्हातारपणाच्या खर्चाची तजवीज

मराठवाड्यात शेतकऱ्याची पेन्शन म्हणजे त्याचं वावर. आणि म्हातारपणी सगळ्यांत आधी हातचं जातं तेही वावरच. म्हणून आधी सांभाळाचा बंदोबस्त करा, मग वाटणी.

पहिल्यांदा महिन्याचा हिशोब कागदावर मांडा. किराणा, बीपी-शुगरच्या गोळ्या, दवाखान्याला जायचं भाडं. माणूस अंथरुणाला खिळला तर रोजचे 3 डायपर म्हणजे महिन्याला 90. हा खर्च कुणी धरत नाही, आणि घरातली कुरबूर तिथूनच सुरू होते.

मग हक्काचे पैसे. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असेल, किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल, तर श्रावणबाळ योजनेतून दरमहा 1,500 रुपये मिळतात. अर्ज तहसीलला द्यायचा. तो बहुतेकदा अडतो आधारवरच्या जन्मतारखेपाशी, कारण ती अंदाजाने टाकलेली असते. आधी ती दुरुस्त करा, बँक खातं आधारला जोडून घ्या. सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण दवाखान्यात दाखल झाल्यावरच. महिन्याच्या गोळ्या आणि घरची सेवा त्यात बसत नाही.

रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला असेल तर सगळा वाटून टाकू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 10 लाख ठेवले, तर 8.2 टक्क्यांनी दर तीन महिन्यांना 20,500 रुपये हातात येतात.

आता वावर. जमेल तोवर ठोक्याने (म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम घेऊन कसायला) द्या आणि पैसे पाडव्यालाच घ्या. मुलांची नावं मृत्युपत्रात घाला. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं आणि हयातीत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्राचं, म्हणजे हयातीतच जमीन देऊन टाकायच्या दस्ताचं, तसं नाही. ते करायचंच असेल, तर त्यात हे वाक्य हवंच: ‘देणार व त्यांची पत्नी हयात असेपर्यंत घेणार त्यांना राहण्यास खोली, अन्न, औषधोपचार व दरमहा ठरलेली रक्कम देईल, न दिल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल.’ मसुद्यात नुसतं ‘प्रेमापोटी दिले’ असेल तर सही करू नका. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम 23 खाली दस्त रद्द करून मागताना सगळं या अटीवरच येऊन ठेपतं.

मुलं बघत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. वकील लागत नाही. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मंजूर होऊ शकतो. कमावत्या मुलींचीही नावं अर्जात घाला, कायद्याने जबाबदारी त्यांचीही आहे.

वृद्धाश्रम बघायला गेलात तर एक प्रश्न आधी विचारा: माणूस अंथरुणाला खिळल्यावरही ठेवून घेता का? बऱ्याच ठिकाणी चालता-फिरता माणूसच घेतात. याचं उत्तर आणि अनामत कधी परत मिळणार, दोन्ही पैसे भरण्याआधी लेखी घ्या.