निविदा शेवटाकडून लिहायला घ्या: नगरपरिषदेसाठी सॉफ्टवेअर घेताना

नगरपरिषदेत संगणक अभियंता म्हणून रुजू झालात की वर्षाच्या आत ही फाईल तुमच्या टेबलावर येणारच: मालमत्ता कर आणि पाणीपट्टीच्या प्रणालीचा करार संपत आलाय, नवीन निविदा काढा. सोबत पेनड्राइव्हवर दुसऱ्या कुठल्या तरी नगरपरिषदेची निविदा. गावाचं नाव बदला आणि महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर, चढवा, असा एकंदर सूर. अशाच एका निविदेत मधल्या पानावर जुन्या गावाचं नाव तसंच राहून गेलं होतं. पूर्वनिविदा बैठकीत ते दाखवून कोणी दिलं, तर मूळ मसुदा ज्यानं लिहून दिला होता त्याच पुरवठादारानं. हसलो सगळे. पण अटी कोणाच्या सोयीनं लिहिल्या जातात, तेही उघड झालं.

आपल्याला सवय कपाटं घेण्याची. माल आला, मोजला, साठा नोंदवहीत चढवला, देयक काढलं, विषय संपला. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये वस्तू, सल्लासेवा आणि इतर सेवा यांची वेगवेगळी व्यवस्था आहे. तरी आपला हात वस्तूंच्याच प्रपत्राकडे जातो. कर प्रणालीचं काम मात्र कार्यादेशानंतर सुरू होतं. दर चार वर्षांनी फेरमूल्यांकन येतं, मध्येच शास्ती माफीचा निर्णय येतो, हद्दवाढ होते. तीन वर्षांचा करार केलात तर फेरमूल्यांकनाच्या ऐन तोंडावर पुरवठादार बदलायची वेळ येऊ शकते. तेव्हा मुदत ठरवण्याआधी पुढचं फेरमूल्यांकन कोणत्या वर्षी आहे, ते कर विभागाला विचारा.

आता मसुदा. पहिलं प्रकरण लिहा ते करार संपतानाचं. पुरवठादार उद्या निघून गेला तर आपल्या हातात काय उरेल? माझ्या मसुद्यातली अट अशी असते, हवी तर जशीच्या तशी उचला:

"कराराची मुदत संपताना अथवा करार संपुष्टात आणल्यास पुरवठादाराने संपूर्ण डेटा, प्रत्येक तक्त्याच्या व रकान्याच्या वर्णनासह, सीएसव्ही अथवा तत्सम खुल्या स्वरूपात व युनिकोड मराठीत, मागणीपासून १५ दिवसांत विनामूल्य नगरपरिषदेच्या ताब्यात द्यावा. करार चालू असताना दर तिमाहीस असा एक संच द्यावा. संच न मिळाल्यास त्या तिमाहीचे देयक अदा केले जाणार नाही."

यातला जीव दुसऱ्या भागात आहे. शेवटी डेटा मागायला गेलं की "सर्व्हर जुना आहे", "तो मुलगा नोकरी सोडून गेला" ही उत्तरं ठरलेली. दर तिमाहीला मागितला की कोणालाच ते जड जात नाही. संच आला की नुसता कपाटात ठेवू नका. कर विभागातल्या लिपिकाला शेजारी बसवून मागणी रजिस्टरातल्या कुठल्याही वीस मालमत्ता त्यातून शोधा: भोगवटादाराचं नाव, थकबाकी, शेवटची पावती. जुळल्या तर सही. "युनिकोड" हा शब्दही सोडू नका. जुन्या प्रणालींत नावं युनिकोडपूर्व फॉन्टांत भरलेली असतात. संच मिळतो, उघडला तर नावांच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी.

सोर्स कोडवरून भांडायचं की नाही, हे प्रणाली कशी आहे त्यावर. तयार प्रॉडक्ट भाड्यानं घेत असाल तर कोड मिळणार नाही, मागूही नका. सगळा जोर डेटावर ठेवा. आपल्यासाठी खास बनवून घेत असाल तर कोड आपलाच, आणि शेवटच्या हप्त्याआधी तो आपल्या यंत्रावर, पुरवठादाराचा माणूस हात न लावता, चालवून पाहायचा. निविदा काढण्याआधी फुकट कोड उपलब्ध आहे का तेही बघा. राष्ट्रीय नागरी डिजिटल अभियानातला 'उपयोग' हा मंच नगरपालिकांसाठीच आहे आणि त्याचा कोड खुला आहे. मात्र कोड फुकट म्हणजे चालवणं फुकट नव्हे. सर्व्हर, बदल, प्रशिक्षण यांचे पैसे लागतातच, तेवढी तरतूद अंदाजपत्रकात धरा.

दुसरं प्रकरण: काय काय कोणाच्या नावावर. हे कोणी निविदेत लिहीत नाही, आणि इथंच मान अडकते. जीओव्ही डॉट इन डोमेन, क्लाउडचं मूळ खातं, प्ले स्टोअरवरचं ॲपचं खातं, पेमेंट गेटवेचा करार, एसएमएसची डीएलटी नोंदणी (संस्थेनं संदेश पाठवण्याआधी दूरसंचार कंपन्यांकडे करायची नोंदणी), हे सगळं नगरपरिषदेच्या नावानं आणि नगरपरिषदेच्या ईमेलवर हवं. एसएमएसचं शीर्षक आणि मजकुराचे साचे पुरवठादार घाईघाईत स्वतःच्या नावावर नोंदवून टाकतो, कारण आपण कागदपत्रं द्यायला महिना लावतो. मग करार संपला की नागरिकांना जाणारे संदेशही थांबतात. कागदपत्रं आधी तयार ठेवा. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात मुख्याधिकारी साहेबांकडे, आणि बदलला की नवं पाकीट.

निवड. सर्वांत कमी दराला काम द्यायचं ही लेखापरीक्षणाच्या दृष्टीनं सगळ्यात सुरक्षित वाट, म्हणून सगळे तीच धरतात. केंद्राच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी सल्लासेवा नसलेल्या सेवांतही, ठरावीक अटींवर, गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार द्यायला वाट करून दिली. आपल्याला ती किती लागू पडते ते लेखा विभागाकडून लेखी घ्या. पण मी सांगते, एल-वननेही, म्हणजे सर्वांत कमी दरवाल्यानंही, चांगलं काम होतं, जर तांत्रिक लिफाफ्याची, म्हणजे दर उघडण्याआधी पात्रता तपासायच्या भागाची, चाळणी खरी असेल. पन्नास कोटींची उलाढाल आणि मोठमोठी प्रमाणपत्रं मागून ती खरी होत नाही. उलट तीन-चार नगरपरिषदांत नीट चालणारी छोटी कंपनी दारातच अडते. चाळणी प्रात्यक्षिकात लावा, आणि ती उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असेल हे निविदेतच छापा.

प्रात्यक्षिकाला स्लाइड्स बघायच्या नाहीत. खुर्चीत कर विभागाचा लिपिक बसेल, पुरवठादार बाजूला उभा राहील. प्रकरणं आपली. एक: २९ मार्चला धनादेशानं कर भरला, पावती दिली, धनादेश ६ एप्रिलला परत आला. वर्ष बदललंय. पावती रद्द कशी होते, मागच्या वर्षाची वसुली कुठे कमी दिसते, शास्ती कोणत्या तारखेपासून लागते, आणि हे कोणी केलं याची नोंद राहते का? दोन: तळमजल्यावर दुकान, वर घर, घराच्या भागावर न्यायालयाची स्थगिती. मागणी बिल काढून दाखवा. तीन: नाव शोधा. 'गोऱ्हे', 'वऱ्हाडे', 'कुऱ्हाडे' यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलंत लावायचा; दोन, साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. एका तऱ्हेनं नाव भरा आणि दुसऱ्या तऱ्हेनं शोधा. न सापडल्यास उद्या लिपिक त्याच माणसाची दुसरी नोंद उघडणार आणि थकबाकी दोन खात्यांत पसरणार. एका प्रात्यक्षिकाला आमच्या कर विभागातल्या ताईंनी हे एवढं एकच करून बघितलं आणि दोन कंपन्यांचे प्रतिनिधी फोनवर बोलायला बाहेर गेले.

आर्थिक लिफाफ्यात एक रकाना नक्की वाढवा: बदलाच्या कामाचा प्रति मनुष्यदिन दर, गुणिले समजा शंभर दिवस, आणि ही रक्कम धरूनच तुलना. नाहीतर मूळ काम कवडीमोलानं भरायचं आणि पुढं प्रत्येक शासन निर्णयाला "हे स्कोपमध्ये नाही" म्हणत वसूल करायचं, हा जुना खेळ आहे.

पैसे. 'पुरवठा व उभारणीनंतर ८० टक्के' ही ओळ दिसली की खोडा. एका वॉर्डाची मागणी बिलं जुन्या रजिस्टराशी जुळली की पहिला हप्ता, सगळ्या वॉर्डांची जुळली की दुसरा, आणि निम्म्याच्या आसपास रक्कम कराराच्या मुदतीत तिमाही देयकांनी. लेखापाल साहेब म्हणतील, "मॅडम, दर तीन महिन्यांनी फाईल फिरवायची?" फिरवायची. मात्र आपणही वेळेत पैसे द्यायचे. मार्चएंडच्या गर्दीत देयक आठ महिने लटकणार असेल, तर चांगली कंपनी तुमच्या निविदेत दर भरणारच नाही, किंवा तो उशीर दरात धरून भरेल.

सुरक्षिततेचं थोडक्यात: सुरू करण्याआधी सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा यंत्रणा) यादीतल्या लेखापरीक्षकाकडून तपासणी हवी, आणि लेखापरीक्षक नगरपरिषदेनं निवडायचा, पुरवठादारानं नव्हे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. रविवारी रात्री हे कोण करणार, त्या पदाचं नाव करारनाम्यात लिहा.

नवीन प्रणाली जानेवारी ते मार्चमध्ये सुरू करू नका, कोणीही कितीही घाई केली तरी. वसुलीच्या रांगेत पावती अडकली की नागरिक ओरडतात, नगरसेवक फोन करतात आणि दुसऱ्या दिवशी हातानं पावत्या फाडणं सुरू होतं; त्या पुन्हा भरता भरता जून उजाडतो. वसुलीची गर्दी ओसरल्यावर एक वॉर्ड घ्या, जुनी आणि नवी दोन्ही तिमाहीभर चालवा, रोजची वसुली संध्याकाळी दोन्हींवर जुळवा. लिपिकांवर दुहेरी काम पडतं, कुरकुर होते. त्यासाठी दोन डेटा एन्ट्री ऑपरेटर निविदेतच धरून ठेवा.

आणि टिपणी लिहा. उलाढालीची अट का कमी केली, प्रात्यक्षिकात कोण का अनुत्तीर्ण झालं, मनुष्यदिनाचा दर तुलनेत का धरला, प्रत्येकाला दोन-तीन ओळी, त्याच आठवड्यात, मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं. लेखापरीक्षण पथक येतं तोवर तुमची बदली झालेली असते, आणि आक्षेपाचा खुलासा करायला त्या खुर्चीत बसलेल्याकडे फाईलशिवाय दुसरं काहीच नसतं.